कुंडीमागच्या चपला

अंबूबाईंच्या तक्रारीतली नुकसानीची यादी मी केली होती. दवाखाना, औषधं, खुब्याचं ऑपरेशन, काठी, रिक्षाभाडं आणि सगळ्यात शेवटी चपलांचा एक जोड. शेखर वकिलांनी यादी वाचली, बाकी सगळं ठेवलं आणि चपलांवर आडवी रेघ मारली. मी त्यांचा कारकून. माणूस दिसला की मनातल्या मनात त्याची जमा-नावे मांडायची मला खोड आहे, त्यामुळे नवाकोरा जोड फुकट का सोडायचा ते मला कळेना. वकील म्हणाले, "तोच जोड आपली केस घालवील."

अंबूबाई मखमलाबादच्या. घरची शेती फुलांची: झेंडू, शेवंती, निशिगंध. नवरा कोंडाजी गेल्यापासून गणेशवाडीच्या फुलबाजारात पहाटे त्याच बसायच्या. गिऱ्हाईक टोपलीवर वाकलं की ते घेणार आहे की नुसतं वास घेऊन जाणार आहे, हे त्या आधीच ओळखायच्या. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या भाचीचं, सायखेड्याचे त्यांचे भाऊ खंडेराव यांच्या मुलीचं लग्न त्र्यंबक रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये निघालं. रिसॉर्टचं नाव सांगत नाही, अजून चालतंय. कार्यालय सोडून रिसॉर्टमध्ये लग्न करणं तेव्हा नवीन होतं. खंडेरावांनी पत्रिकेत वधूवरांच्या नावांपेक्षा रिसॉर्टचं नाव ठळक छापून घेतलं होतं.

फेटेवाल्या दरवानानं काचेचं दार उघडलं आणि अंबूबाई उंबऱ्यावरच थबकल्या. आत काळ्या ग्रॅनाइटची फरशी होती, भरल्या विहिरीच्या पाण्यासारखी. वरची झुंबरं तिच्यात खाली खोल लटकली होती. दाराशी रिसॉर्टवाल्यांनीच बसवलेला गणपती होता, त्याच्यापुढची समई फरशीत उलटी जळत होती. त्या उजेडात अंबूबाईंना आपलंच तोंड पायाखालून वर बघताना दिसलं. हे त्यांनी मला पुढे कितीदा तरी सांगितलं, आणि दर वेळी आवाज देवळात बोलल्यासारखा खाली आणून सांगितलं. कोर्टाच्या आवारात आवाज खाली आणणारं माणूस मी क्वचितच पाहिलंय, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

असल्या जागेवर चपला घालून जायचं त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांनी चपला काढल्या. पण लग्नघर म्हणजे चपला जाण्याचं घर, हा व्यवहारही त्यांना ठाऊक होता, म्हणून जोड दाराशेजारच्या पामच्या कुंडीमागे सरकवला. मग पदर सावरून आत पाऊल टाकलं. थोड्याच वेळापूर्वी कुणीतरी साबणाच्या पाण्याचं फडकं फिरवून गेलं होतं. ना आडवी दोरी, ना पाटी. दुसरं पाऊल त्यांनी टाकलं की नाही हे त्यांनाही आठवत नाही. त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेण्याच्या गडबडीत कुंडीमागचा नवा जोड तिथेच राहिला, तो परत मिळाला नाही.

मॅनेजर धावत आला, लिंबू सरबत आणवलं आणि जमलेल्यांना सांगून मोकळा झाला की बाईंना उन्हाची चक्कर आली. पंगती उठेपर्यंत ते सगळ्या वऱ्हाडाचं मत झालं होतं.

खुब्यात डॉक्टरांनी धातूचा गोळा बसवला आणि हाड ठीक झालं. चक्कर मात्र बरी होईना. मुलगा जीवन आईला मळ्यातही एकटी सोडेना. बाजारातल्या जागेवर तो स्वतः बसू लागला. सुना बादली हातातून काढून घ्यायच्या. शेजारणी रस्त्यातच दंड धरायच्या. काल फुलबाजाराला भाव शिकवणारी बाई, आज तिला ओट्यावर बसवून शेंगा सोलायला दिल्या होत्या. हे सगळं प्रेमानं, म्हणजे भांडायलाही जागा नाही. अंबूबाई काठी टेकत आमच्या ऑफिसात आल्या त्या यासाठी.

शेखर वकिलांनी आधी रिसॉर्टला नोटीस धाडली, आणि उत्तर आल्यावर बाईंना बोलावून वाटा सांगितल्या. पोलिसांत निष्काळजीपणाची फिर्याद देता येईल, पण त्यात झाला तर दंड होईल, बाईंच्या पदरात काही पडणार नाही. दिवाणी दावा लावता येईल, त्याला कोर्ट फी भरावी लागेल आणि निकाल बहुधा नातवाच्या हाती पडेल. तिसरी वाट ग्राहक मंचाची. तिथे तेव्हा फी नव्हती आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं होतं. चौथी वाट रिसॉर्टनंच दाखवली होती: आमच्या नोटिशीला उत्तर म्हणून त्यांनी सहकुटुंब दोन दिवसांचा मोफत मुक्काम देऊ केला होता, नाश्त्यासह.

अंबूबाईंनी मुक्कामाचं ऐकून माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, उरलेला खुबा मोडाया बोलावत्यात का?"

मग त्या वकिलांकडे वळल्या. "या चारीतलं कोण सांगंल, मला चक्कर नव्हती आली म्हणून?"

अशिलानं भरपाईच्या आधी हे विचारावं, याची वकिलांना सवय नव्हती. ते म्हणाले, मंच सांगू शकेल, निकालात कारणं लिहावी लागतात. "मंग तितंच जाऊ," अंबूबाई म्हणाल्या. ऑपरेशनचा खर्च मिळाला तर हवाच होता. फुलं विकणारी बाई ती, मिळतंय ते नको म्हणणाऱ्यातली नव्हे.

पहिली अडचण अशी की रिसॉर्टला पैसे खंडेरावांनी दिले होते, मग अंबूबाई ग्राहक कशा? वकिलांनी समजावलं की पैसे देणाऱ्याच्या संमतीनं जो सेवा घेतो तोही कायद्यानं ग्राहकच. मात्र खंडेरावांची पावती हवी होती. खंडेराव पंधरवडाभर सापडेनात. मुलीचं सासर त्या रिसॉर्टवर खूष होतं, आणि लग्नाला कोर्टाचा डाग नको, हे त्यांचं म्हणणं त्यांनी चार माणसांतून कळवलं. शेवटी अंबूबाई स्वतः सायखेड्याला जाऊन त्यांच्या ओट्यावर बसून राहिल्या. दुसऱ्या चहाला खंडेरावांनी पावती आणून दिली. बहिणीची काठी भिंतीला टेकवलेली त्यांना बघवत नव्हती, असं जीवन सांगत होता.

रिसॉर्टनं नाशकातला महागडा वकील दिला. त्यांचा जबाब ठाम होता: फरशी कोरडी होती, बाईंना चक्कर आली. पाणी पाहिलेला एकही साक्षीदार आमच्याकडे नव्हता. अंबूबाई पडल्यावर सगळ्यांनी अंबूबाईंकडे पाहिलं, फरशीकडे कोण बघतो?

आणि दुसरीकडे त्या चपला. अनवाणी होत्या असं कळलं तर समोरचे म्हणतील, चूक बाईंचीच. म्हणून वकिलांनी बजावलं, खोटं बोलू नका, पण कुणी विचारल्याशिवाय चपलांचं नाव काढू नका. अंबूबाईंनी मान हलवली. मान कुठल्या अर्थानं हलली हे मी तेव्हा ओळखायला हवं होतं.

मंचापुढे सहसा शपथपत्रांवरच काम चालतं, पण समोरच्यांनी बाईंची उलटतपासणी मागितली. म्हाताऱ्या बाईला गोंधळवून चक्कर कबूल करवून घेऊ, असा हिशेब असावा. मंचाची खोली नुकतीच पांढऱ्या टाइल्स लावून नवी केली होती. अध्यक्ष मध्ये, दोन बाजूंना दोन सदस्य. जीवन मागच्या बाकावर हात बांधून बसला होता. आईला उभं राहून चक्कर येईल म्हणून त्यानं ग्लुकोजचं पाणी आणलं होतं.

समोरचे वकील गोड बोलत होते. वय काय, ऊन किती, सकाळी जेवलात का. अंबूबाई सरळ उत्तरं देत गेल्या. मग त्यांनी विचारलं, "आजी, फरशी ओली होती असं तुम्ही म्हणता. पडायच्या आधी तुम्हाला पाणी दिसलं होतं?"

"नाय. ती फरशी सारी पाण्यावानीच दिसत व्हती."

"दिसलं नाही. मग ओली होती हे कशावरून?"

शेखर वकिलांनी पेन खाली ठेवलं. मी डोळे मिटून घेतले.

"पायाला लागलं ना. चपला असत्या तर कळलंच नसतं. मी भाईर काढल्या व्हत्या. तळव्याला गार लागलं, बुळबुळीत लागलं, साबणाचं पाणी. मंग पाय गेला. गार लागल्यालं आठवतंय मला, वकीलसाहेब. चक्कर येणाऱ्याला ते आठवत नाय."

समोरच्या वकिलांचा चेहरा उजळला. लग्नात वाढप्यानं आपल्याच पानात जास्तीची जिलबी टाकावी तसा. त्यांनी मंचाकडे हात पसरले. "महोदय, यातच सगळं आलं. ओल्या फरशीवर अनवाणी पायानं चालल्यावर माणूस घसरणार नाही तर काय होईल? हॉटेलात कोण चपला काढतं?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि लघुलेखकाला सावकाश सांगितलं, "लिहा. तक्रारदार घसरून पडल्या आणि फरशी ओली होती, हे सामनेवाल्यांच्या वकिलांना मान्य."

समोरच्या वकिलांचे हात पसरलेलेच राहिले. त्यांना ते खाली घ्यायला बराच वेळ लागला.

अध्यक्ष त्यांना म्हणाले, "आता तुमचा दुसरा प्रश्न. कोण काढतं." त्यांनी शिपायाला दाराबाहेर बघायला सांगितलं. शिपाई गेला, आला, आणि जरा चाचरत म्हणाला की बाहेर व्हरांड्यात तुळशीच्या कुंडीमागे एक जोड सरकवून ठेवलाय, बायकांचा.

सगळ्यांनी अंबूबाईंच्या पायांकडे पाहिलं. नव्या पांढऱ्या टाइल्सवर दोन अनवाणी पावलं, टाचांना भेगा, मळ्यातल्या मातीनं कायमची काळसर झालेली. मीही पाहिली. आमच्या ऑफिसात त्या इतक्यांदा आल्या, दर वेळी अशाच आल्या असणार, आणि सगळ्या जगाची जमा-नावे मांडणाऱ्या मला ते एकदाही दिसलं नव्हतं. अंगावर काटा आला म्हणतात, तो मला त्या सरकारी खोलीत, दुपारी, पंख्याखाली आला.

महिला सदस्यांनी हळूच विचारलं, "आजी, इथं का काढल्या?"

"सोच्छ हाय ना जागा," अंबूबाई म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

अध्यक्ष समोरच्यांना एवढंच म्हणाले की तुमच्या अशिलाकडे लग्नं या जिल्ह्यातल्या माणसांची होतात. दाराशी गणपती बसवायचा, समई लावायची आणि मग पाहुण्यानं चपला काढल्या म्हणून त्याला दोष द्यायचा, हे चालणार नाही.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. ऑपरेशनचा खर्च आणि वर त्रासाची काही रक्कम मंजूर झाली. मागितली होती त्याहून कमी, पण वकिलांनी आम्हाला पेढे आणायला सांगण्याइतकी. अंबूबाईंनी आकडा ऐकला, मान हलवली आणि मला म्हणाल्या, ते चकरेचं वाचा.

मी वाचलं: "तक्रारदार यांस चक्कर आली, हे सामनेवाले यांचे कथन सिद्ध होत नाही."

"परत वाचा. जरा मोठ्यानं."

जीवन दारात उभा होता, हातात तीच ग्लुकोजची बाटली. मी उभा राहिलो, का ते मला माहीत नाही, आणि मोठ्यानं वाचलं. जीवननं बाटलीचं झाकण एकदा उघडलं, परत लावलं आणि बाटली खिडकीत ठेवून दिली. मग आईला म्हणाला, पहाटे फुलबाजाराचा टेम्पो लवकर निघतो, तुला उठवीन.

"तू कशाला," अंबूबाई म्हणाल्या, "मीच तुला उठवीन."

त्या काठी घेऊन उठल्या. जीवनचा हात सवयीनं पुढे आला आणि अर्ध्यावरून मागे गेला. दाराबाहेर त्यांनी भिंतीला हात टेकून चपला पायात सरकवल्या आणि त्याच्या पुढे जिना उतरू लागल्या.