निळ्या पाण्याची वाट

नैना मराठीत बोलायला लागली तेव्हा सुनेत्राबाईंना वाटलं, देव पावला. लेक कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला, आई मिशिगनमध्ये ॲन आर्बरला. एरवी फोनवर आईच्या चार वाक्यांना लेकीचं एक 'याह, शुअर'. पण नातू वेद झाल्यापासून ती दर रविवारी व्हिडिओ कॉल करून म्हणायची, "आई, ते बेटाचं गाणं म्हण ना. वेदला ऐकवते. शेवटची ओवी मला आठवतच नाही."

बाई बाहेरचा बर्फ विसरून गायच्या:

डाव्या हाताला गं ठेवी, उंच झाड एकलं
हिरव्याला भुलू नको, निळं पाणी आपलं

गाणं त्यांनीच रचलेलं, त्यांच्या बेटाचं. प्रशांत महासागरात, कुठल्याही माणसापासून दूर, एक ज्वालामुखी हळूहळू बुडाला. त्याच्या काठाकाठाने पोवळ्याचे इवले जीव घरं बांधत वर येत राहिले. डोंगर गेला, पोवळ्याची बांगडी राहिली. मधे शांत तळं, भोवती फेसाळती खडकांची रांग, प्यायला पाणी नाही, वस्ती कधी झालीच नाही. दीडशे वर्षांपूर्वी पक्ष्यांची वाळकी विष्ठा खतासाठी खणायला जहाजं आली. खत संपलं, माणसं गेली, जहाजातून उतरलेले उंदीर राहिले. अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली. लाखो पंखांचं बेट मुकं झालं.

सुनेत्राबाई आणि त्यांचे सहकारी उल्हास यांनी उमेदीची वर्षं ते उंदीर संपवण्यात घालवली. शेवटचा उंदीर मेला आणि पुढच्याच हंगामात कुररी पक्षी परतले; इतका गलका, की तंबूत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. खडकांच्या रांगेतून आत जायची, जहाजांबरोबर विसरली गेलेली अरुंद वाट त्या दोघांनाच सापडली होती. ती कुठे छापायची नाही, असं त्यांचं ठरलं. बाईंनी ती फक्त पाळण्यापाशी गायली. मिशिगनमध्ये ओवी कोणाला कळणार? भाषेचंच कुलूप होतं.

मार्चमध्ये उल्हासचा फोन आला. कॅलिफोर्नियातली एक कंपनी त्या बेटावर पाहुणे नेणार होती. वेबसाइटवर वाटेचं चित्र होतं, एकल्या झाडासकट. उल्हास त्यावर सरकारकडे हरकत नोंदवणार होते.

"सुनेत्रा, तू सांगितलीस का गं?" त्यांचा आवाज अवघडलेला होता. "मी तर बायकोलाही सांगितली नाही. आणि ती माझ्या पोटातलं सगळं काढते, तुला माहितीये."

बाई नाही म्हणाल्या. मग त्यांनी वेबसाइट उघडली. कंपनीचे दोन संस्थापक हसत उभे होते. त्यातली एक नैना.

त्यांनी तिला लगेच फोन लावला. नैना गडबडली नाही. परमिटला अप्लाय केलंय, सगळं लीगल आहे, मोजकेच गेस्ट्स, आणि सरप्राइज म्हणजे आईला गाइड म्हणून न्यायचं ठरलंय, असं ती भरभर सांगत राहिली. बाईंनी तिला संपवू दिलं.

"गाणं कशासाठी मागितलंस?"

पलीकडे वेद कुरकुरत होता. "कॅप्टनला भरतीचं टायमिंग हवं होतं. ते लास्टच्या ओवीत होतं ना."

"आणि वेदला ऐकवते म्हणालीस, ते?"

"ऐकवते ना, आई. खरंच. ही लव्ह्ज इट."

ते खोटं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. रविवार आठवले. त्या गात होत्या, लेक मान डोलावत होती, आणि फोन रेकॉर्ड करत होता.

"मी ते तुला झोप लागावी म्हणून गायले होते, नैना."

"यू गेव्ह इट टु मी. तूच म्हणायचीस, हे बेट माझ्या नैनीचं."

"बोटीत उंदीर असला तर?"

"बोट क्लीन आहे. कॅप्टन म्हणालाय."

एक गाभण मादी बटाट्याच्या पोत्यात बसून आली, की दोन वर्षांत बेट पुन्हा मुकं. हे नैनाला पाळण्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनच ती बोलत होती.

उल्हास त्या परमिटवर हरकत नोंदवणार आहेत, हे बाईंनी तिला सांगितलं.

"उल्हासकाकांच्या एकट्याच्या म्हणण्याने काही होणार नाही," नैना म्हणाली. मग आवाज मऊ करून, सावकाश, स्वच्छ मराठीत, "आई, तू काही बोलू नकोस. मी जॉब सोडलाय. हे बुडलं तर मी बुडले."

किती दिवसांनी लेक इतकं छान मराठी बोलली होती. आता त्या मराठीचीच बाईंना भीती वाटली. वेदला दूध दे, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि उल्हासना लावला.

"हरकतीवर माझंही नाव टाक. साक्ष द्यायलाही येते."

"वाटेचं गुपित कसं फुटलं, विचारतील."

"सांगेन. माझ्या घरातून."

उल्हासनी हळूच विचारलं, "नैना?"

"हो," सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि साक्षीची तारीख लिहून घ्यायला त्यांनी पेन उचललं.