गणपूर्ती

“या विषयात कुणा सदस्याचा वैयक्तिक हितसंबंध आहे का?” लोरेनने नेहमीच्या सपाट सुरात वाचले. सव्वीस वर्षे तो राज्याच्या विमा सल्लागार मंडळाचा सचिव होता. एवढ्या काळात या प्रश्नाला कुणी उत्तर दिले नव्हते.

निवृत्त शिक्षिका ग्लॅडिस टॉर्विकने हात वर केला.

“माझा आहे. माझी बहीण याच योजनेत आहे.”

अध्यक्ष वेंडेलने चष्मा काढला. “अगं, शाळा सुटून वीस वर्षं झाली तुझी. हात कसला वर करतेस?”

सातांपैकी चारच सदस्य आले होते. बाकीचे पेरणीत गुंतलेले. चारांखाली बैठक चालत नसे, आणि हितसंबंध असलेल्या सदस्याला बाहेर जावे लागे. विषय एकच होता: निवृत्त कर्मचाऱ्यांच्या कुटुंबात कुणी अंथरुणाला खिळले, तर घरी परिचारिका येते, ती सोय चालू ठेवण्याची शिफारस. मुदत तीस जूनला संपणार होती. पुढची बैठक सप्टेंबरात. चौघेही अनुकूल होते.

“हितसंबंधात बहीण धरतात का रे, लोरेन?” वेंडेलने विचारले.

“एका घरात राहत असेल तर.”

“तुझ्या नोंदीत तिचा पत्ता जुनाच असेल की. तोच धरू.” वेंडेलचा आवाज खाली आला. “आर्लिसचा तरी विचार कर.”

आर्लिस ही लोरेनची बायको. दोन वर्षांपूर्वी तिचे अर्धे अंग गेले होते. लोरेनला मताचा अधिकार नव्हता, म्हणून त्याचा हितसंबंध कुणी विचारत नसे.

“लोरेन सांगेल तसं,” ग्लॅडिस म्हणाली.

नोंदीत पत्ता जुनाच होता. पण मार्चमध्ये ग्लॅडिसने बहिणीला आपल्या घरी आणले, तेव्हा पलंगाचे एक टोक धरून जिना चढला होता तो लोरेनच. आता आपल्या मनात काही हलेल म्हणून त्याने क्षणभर वाट पाहिली. काही हलले नाही.

“मार्चपासून दोघी एकत्र राहतात,” तो म्हणाला.

ग्लॅडिस पर्स घेऊन बाहेर गेली. त्याने इतिवृत्तात लिहिले: गणपूर्तीअभावी बैठक दहा वाजून बावीस मिनिटांनी तहकूब.

संध्याकाळी याच योजनेतून येणारी परिचारिका कॉनी पलंगाच्या कडेला आर्लिसचे केस धूत होती. लोरेनने काय झाले ते सांगितले. कॉनी थोडा वेळ पाणी ओतत राहिली.

“बाह्या वर सरकवा,” ती म्हणाली. “मानेखाली हात घाला. असा नाही, तळवा उघडा ठेवा. डोकं वाटतं त्याहून जड असतं.”

त्याने तळवा सरकवला. मग कॉनीने आपला हात हळूच काढून घेतला.