पोस्टमास्तरांचा चौथा मुद्दा

वाहिनीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला लागून, प्रेक्षक प्रतिसाद कक्ष होता. कक्ष आपला म्हणायला. एक टेबल, एक संगणक, कानाला लावायचे हेडफोन आणि एक खुर्ची, जिचा उजवा हात गेली तीन वर्षं ढिला होता. तिथे एकोणीस वर्षं बसणाऱ्या बाईंना सगळे प्रतिसादबाई म्हणत. प्रेक्षकांचे निरोप ऐकायचे आणि तक्त्यात कौतुक, तक्रार किंवा प्रश्न यांतल्या एका रकान्यात खूण करायची, हे त्यांचं काम.

रविवार सकाळच्या बागकामाच्या कार्यक्रमाने त्यांचं हे काम तिपटीने वाढवलं होतं. बावीस वर्षं कार्यक्रम करणारे माळीकाका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक हसरी तरुण मुलगी आली. प्रत्येक भागाच्या शेवटी ती ‘टवटवीत राहा’ म्हणायची, म्हणून लोकांनी तिचं नाव टवटवीत ताई ठेवलं. मग प्रेक्षकांत दोन तट पडले. एकजण म्हणे, हिची नखं बघा, या नखांखाली कधी माती गेलेली नाही. दुसरी म्हणे, माळीकाका काय पुटपुटायचे ते बावीस वर्षं कळलं नाही, ही निदान स्पष्ट बोलते. एका बाईंची तक्रार होती की घरात एक कुंडी नाही, तरी यजमान एकही भाग चुकवत नाहीत आणि माळीकाकांच्या वेळी असं नव्हतं.

या सगळ्यांत बाईंच्या ओळखीचा झालेला आवाज पोस्टमास्तरांचा. दर बुधवारी संध्याकाळी त्यांचा निरोप यायचा. “मी निवृत्त पोस्टमास्तर बोलतो आहे. मुद्दा पहिला.” नाव ते कधी सांगत नसत. दर वेळी तीन मुद्दे आणि शेवटी ‘कळावे’. सुरुवातीला ते ताईच्या विरोधात होते. मग तिने घेवड्याचे वेल कसे चढवायचे ते दाखवलं, यांच्या गॅलरीत वेल चढला आणि पोस्टमास्तर फिरले.

त्या शुक्रवारी सकाळी साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, “ताईची जाहिरात करायची आहे. प्रेक्षकांच्याच आवाजात कौतुक हवं. चार-पाच छान निरोप काढून द्या बघू.”

बाईंना पहिले आठवले ते पोस्टमास्तर. आदल्या दिवशीच त्यांच्या निरोपापुढे त्यांनी कौतुकाच्या रकान्यात खूण केली होती. हेडफोन लावून त्यांनी निरोप पुन्हा सुरू केला.

“मुद्दा पहिला. ताईंचा आवाज आता स्थिरावला आहे. मुद्दा दुसरा. खुरपं धरण्याची पद्धत सुधारली आहे, अभिनंदन. मुद्दा तिसरा. खोकल्यावर निलगिरीच्या पानांची वाफ घ्यायला सांगितलीत, त्याबद्दल आभार. आमच्या हिचा खोकला महिनाभर हटत नव्हता, तो उतरला.”

इथपर्यंत बाईंनी काल ऐकलं होतं. दोनशे निरोप बाकी होते, कौतुक आहे हे कळलं होतं, त्यांनी पुढच्यावर उडी मारली होती. आज निरोप पुढे चालू राहिला.

“मुद्दा चौथा. हा प्रश्न आहे. तुम्ही चित्रात दाखवलेलं झाड आमच्या समोरच्या रस्त्याच्या दुभाजकावरच आहे, तेव्हा पानं तिथूनच आणतो. वाफ चांगली तर पाणी अधिक चांगलं, या विचाराने तेच उकळलेलं पाणी प्यायलाही देतो आहे, रोज सकाळी एक पेला. मात्र सोमवारपासून हिला उलट्या होत आहेत आणि चक्कर येते. डॉक्टरांनी पोट बिघडलं म्हणून गोळ्या दिल्या. आज म्हणते, सगळं पिवळसर दिसतंय. तर पानांचं प्रमाण किती असावं, ते रविवारी सांगावं. कळावे.”

बाईंनी हेडफोन काढले. मग त्यांनी तेवढाच भाग पुन्हा लावला आणि दुभाजक हा शब्द आल्यावर थांबवला. निलगिरी हे उंच झाड. दुभाजकावर निलगिरी कोण लावतं?

त्या जिना उतरून तळमजल्यावर संकलकाकडे गेल्या. संकलक म्हणजे कार्यक्रमाचे तुकडे जोडणारा माणूस, टक्कल पडलेला, कायम चिवडा खाल्ल्यासारखं काहीतरी तोंडात चघळणारा.

“रविवारचा भाग लाव. निलगिरीचा.”

त्याने लावला. ताई हातात काहीच न घेता बोलत होती आणि ती ‘निलगिरीची पानं’ म्हणाली त्या क्षणी पडद्यावर लांब, निमुळत्या, जाड पानांचं एक गच्च झुडूप आलं. पाच सेकंद राहिलं आणि गेलं.

“हे कुठलं झाड आहे?”

“निलगिरी,” संकलक म्हणाला. मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं चघळणं थांबलं. “म्हणजे निलगिरीचं चित्रण साठ्यात नव्हतं. ती बोलतेय त्यावर काहीतरी चित्र हवं होतं. लांब पानं दिसली, टाकली. आपल्याच फाटकाबाहेर घेतलंय. का हो?”

बाईंनी त्याच्याच टेबलावरून माळीकाकांना फोन लावला आणि ते चित्र त्यांच्या मोबाईलवर पाठवायला लावलं. पलीकडे चष्मा शोधण्याची खुडबुड झाली.

“कण्हेर आहे ती,” माळीकाका म्हणाले. “फुलं नसली की लोक फसतात. कुणाच्या पोटात गेली?”

बाईंनी सांगितलं. माळीकाका बावीस वर्षं पुटपुटले असतील, आता मात्र एकेक शब्द वेगळा बोलले. “सगळी विषारी. पान, फूल, काडी. हृदयावर येतं. पिवळं दिसतंय म्हणाली? मग वेळ घालवू नको. घरगुती काही करायला लावू नको, सरळ हॉस्पिटल. आणि एक फांदी बरोबर घेऊन जा, म्हणजे डॉक्टरांना विचारत बसावं लागणार नाही.”

“काका, मला त्यांचा पत्ताच माहीत नाही.”

“मग शोध,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सगळे निरोप वाहिनीच्या मुख्य फोनवरून फिरून येत, करणाऱ्याचा नंबर कुठेच उमटत नसे. बुधवारचा निरोप. आज शुक्रवार. म्हणजे गुरुवारी एक पेला आणि आज सकाळी आणखी एक. त्यांनी काल पूर्ण एक मिनिट जास्त ऐकलं असतं तर. पण हा विचार आता करायचा नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि तरी तो जिन्याच्या प्रत्येक पायरीवर येत राहिला.

वर साहेबांच्या दारात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. “दुपारी चारला तोच भाग पुन्हा लागणार आहे,” ते म्हणाले.

“तो थांबवा. आणि मला पत्ता शोधायला माणूस द्या.”

“थांबवतो. पण बाई, आधी कायद्याच्या लोकांना विचारू. आपली चूक आहे असं आपण कुणाला एकदम जाऊन सांगायचं म्हणजे...”

“तुम्ही विचारा, साहेब. मी पत्ता शोधते.”

आपल्या खुर्चीत बसून त्यांनी कळफलक पुढे ओढला. मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा, त्यांनी पोस्टमास्तरांसारखंच मनात म्हटलं. काय माहीत आहे? गॅलरी आहे. समोर दुभाजकाचा रस्ता आहे. असे रस्ते शहरात शंभर. अजून? घेवडा. घेवड्याचं बी वाहिनीनेच पाठवलं होतं, कार्यक्रमाच्या स्पर्धेत भाग घेतलेल्या चारशे जणांना. आणि त्यावर पोस्टमास्तरांनी एक अख्खा मुद्दा खर्च केला होता: “पाकिटावर पिनकोडचे शेवटचे दोन आकडे उलटे आहेत, बहात्तरचे सत्तावीस केलेत. आणि हे पाकीट पाठवलंत कुणाला, तर पोस्टमास्तरला.” तेव्हा त्या एकट्याच बसून हसल्या होत्या.

पाठवणी विभागाची यादी त्यांनी मागवली. सत्तावीसवर संपणारे अकरा पत्ते होते. दहा एकाच उपनगरातले. अकरावा शहराच्या दुसऱ्या टोकाचा, जिथे सत्तावीस असण्याचं काही कारणच नव्हतं. पत्त्यात फोन नव्हता.

त्यांनी रुग्णवाहिकेला फोन करून पत्ता दिला. मग घरी फोन केला, कारण तेवढ्यात दुसरी भीती उभी राहिली होती. त्यांच्या सासूबाई तो कार्यक्रम एकही रविवार सोडत नसत आणि त्यांनाही खोकला होता.

“आई, ती वाफ घेतली का तुम्ही? रविवारी टीव्हीवर सांगितलेली?”

“त्या पोरीचं सांगितलेलं मी काही करत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “माळीकाका सांगतील तर करीन. का गं, तुझा आवाज असा का येतोय?”

बाई फाटकाबाहेर आल्या. झुडूप तिथेच होतं, रोज ज्याच्या बाजूने त्या आत येत तेच, आणि मागच्या बाजूला एक गुलाबी फूल होतं. पहारेकऱ्याकडून पिशवी घेऊन त्यांनी फांदी तोडली. बोटाला चिकट चीक लागला. टॅक्सीत बसल्यावर तो हात त्यांनी गुडघ्यापासून लांब धरला, परक्याचा असल्यासारखा.

रस्ता संपेना. प्रत्येक सिग्नलला त्यांना वाटे, आता तो पेला भरला जातोय. चालकाने आरशातून दोनदा बघितलं आणि विचारलं, “दवाखान्यात कुणी आहे का?” “अजून नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्याने पुढे काही न विचारता गाडी डावीकडून काढली.

इमारत तीन मजली होती. समोरच्या दुभाजकावर लांबच लांब कण्हेर होती आणि रस्त्याच्या एका टोकाला तिची खालची पानं ओरबाडलेली दिसत होती. रुग्णवाहिका आलेली नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या दारावर पाटी होती, निवृत्त पोस्टमास्तर, आणि खाली सुबक अक्षरात बरोबर पिनकोड. बाईंनी घंटी वाजवली. आतून टीव्हीचा आवाज येत होता, कुणीतरी बातम्या वाचत होतं. पुन्हा वाजवली. मग दारावर तळहाताने मारलं.

दार उघडलं ते एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्या माणसाने. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर स्वयंपाकघरातलं फडकं. “कोण आपण? जरा थांबा, हिचं सकाळचं पाणी अजून चाललंय, आज उठायलाच उशीर झाला,” ते म्हणाले.

आतून उकळत्या पानांचा उग्र वास येत होता.

“देऊ नका,” बाई म्हणाल्या. “वाहिनीतून आले आहे. ते पाणी देऊ नका.”

“दिलंय की. आत घेतेय.”

बाई त्यांना ढकलूनच आत गेल्या. पलंगावर एक किरकोळ बाई उशीला टेकून बसल्या होत्या, हातात पेला, ओठांशी नेलेला. प्रतिसादबाईंनी तो हातातून काढून घेतला तेव्हा अर्धं पाणी चादरीवर सांडलं. पेला किती रिकामा होता, हे त्यांना पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही.

“अगोबाई,” पलंगावरच्या बाई अगदी हळू म्हणाल्या. “तुम्ही पण पिवळ्याच दिसता.”

दारात पोस्टमास्तर उभे होते. बाईंनी पिशवीतून फांदी काढली. “काका, हीच पानं ना?”

“हीच. निलगिरी.”

“ही कण्हेर आहे. आमच्या कार्यक्रमात चुकीचं झाड दाखवलं.”

पोस्टमास्तरांनी फांदीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. खाली रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला.

पुढचे पाच तास दोघं हॉस्पिटलच्या बाकावर बसून होती. फांदी बघून डॉक्टरांनी एक शब्दही वाया घालवला नव्हता. नाडी चाळीसच्या खाली आली होती. काचेच्या दारामागे यंत्राचा टिकटिक आवाज मधेच लांबायचा आणि तो लांबला की पोस्टमास्तर बाकाची कड धरायचे. बाईही धरायच्या.

“तुम्ही काल यायला हवं होतं,” एकदा पोस्टमास्तर म्हणाले. आरोप नव्हता, नुसता हिशेब जुळवल्यासारखं बोलले.

“हो,” बाई म्हणाल्या. “मी तुमचा निरोप काल पूर्ण ऐकला नाही. तिसऱ्या मुद्द्याला बंद केला.”

पोस्टमास्तरांनी खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी घातली. मग म्हणाले, “चौथा मुद्दा मी पहिला सांगायला हवा होता. पण आधी चार चांगले शब्द बोलावेत, अशी मला सवय.”

संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर बाहेर आले. औषध लागू पडलं होतं, ठोके सावरत होते, अजून दोन दिवस नजरेखाली ठेवावं लागणार होतं. एकेकाने आत जाऊन भेटायला हरकत नव्हती, पण पोस्टमास्तर एकटे जाईनात. त्यांनी बाईंची बाही धरली, म्हणून दोघं गेली.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. “मी ते का पीत होते ठाऊक आहे का तुम्हाला?” त्या प्रतिसादबाईंकडे वळून म्हणाल्या. आवाज अगदी पातळ होता. “जहर कडू होतं. पण चव्वेचाळीस वर्षांत यांनी पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी काहीतरी केलं. रोज सकाळी, गाळून, पेला पुसून. नको कसं म्हणणार? मला तो कार्यक्रमसुद्धा आवडत नाही. ती मुलगी फार हसते.”

पोस्टमास्तर भिंतीकडे बघत होते.

“पाणी द्या जरा,” काकू म्हणाल्या.

पाण्याचं भांडं आणि पेला उशाशी, त्यांच्या हाताजवळच होते. पोस्टमास्तरांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. “सिस्टर येतील,” ते म्हणाले. “सिस्टर देतील.” आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

काकूंनी हात पुढे केलेला तसाच ठेवला होता. बाईंना पेला उचलावासा वाटला, पण त्या थांबल्या, कारण काकू त्यांच्याकडे बघतच नव्हत्या.

“तुमच्याकडे मागितलंय,” काकू म्हणाल्या.

पोस्टमास्तरांनी भांडं उचललं. पाणी ओतलं, पेला उजेडाकडे धरून बघितला, मग स्वतः एक घोट घेऊन तोंडात धरला आणि गिळला. तेवढं करून ते थांबून राहिले, काही होतंय का ते बघत. प्रतिसादबाई दार लोटून बाहेर आल्या तेव्हाही ते तसेच उभे होते.

बाहेर त्यांच्या मोबाईलवर साहेबांचे सात फोन येऊन गेलेले होते. त्यांनी आधी त्यांना फोन लावला नाही, संकलकाला लावला. “सोमवारपासूनचे सगळे निरोप माझ्या मशीनवर काढून ठेव,” त्या म्हणाल्या. “मी येतेय. सहाशे असतील. सगळे शेवटपर्यंत ऐकायचे आहेत. आणखी कुणी पानं तोडली असतील, तर.”

“मी पण थांबतो,” तो म्हणाला. “निम्मे मला द्या.”