प्रस्थानाची निळी बॅग

मी एक निळी बॅग बोलतेय. चार चाकांची, ओढायच्या दांड्याची, कुलपाला तीन आकडे असलेली. आधीच सांगून ठेवते, मी अजून सावरलेली नाही. माणसं बॅगेसमोर काहीही बोलतात, कारण बॅगेला कान नसतात असं त्यांना वाटतं. मी मात्र सगळं ऐकलंय, आणि ऐकून सुन्न झालेय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला कळायला लागलं तेव्हा मी ओतूरच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या दारावर टांगलेली होते. एके दिवशी धर्माजी आणि अंजनाबाई आले. धर्माजी चौतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, नुकतेच रिटायर झालेले. त्यांनी मला आडवी पाडली आणि एकेक चाक फिरवून बघितलं.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, बॅग हाय ती, गाडी न्हाई."

"चाकं हायेत ना? मग बघून घ्यायची," धर्माजी म्हणाले.

या माणसानं उभा जन्म लोकांना फिरवलं. लग्नाची वऱ्हाडं नेली, शाळेच्या सहली नेल्या. बायकोला मात्र पुण्याच्या पुढं कधी नेलं नाही. रिटायर झाल्यावर अंजनाबाईंना विमानात बसवीन, हा त्यांचा शब्द होता. फंडाच्या पैशातून सिंगापूरची ट्रिप ठरली, शनिवार, एकवीस मार्च दोन हजार वीस. सगळी पुंजी त्यात गेली. दुसरी ट्रिप काढायला काही उरणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

ट्रिपचा एजंट ऋषी. त्यानं प्रवासाचा विमाही काढून दिला आणि नीट समजावलं, "काका, निघायच्या आधी ट्रिप रद्द झाली तर कंपनी पैसे देणार. निघाल्यावर मात्र त्या कलमात काही मिळत न्हाई, बरं का." धर्माजींनी मान डोलावली. अंजनाबाई मला उघडून साड्यांच्या घड्या बसतात का ते बघत होत्या.

आता शनिवार निघायला चांगला नव्हता म्हणे. बुधवार चांगला होता. अशा वेळी जुन्या माणसांनी एक सोय करून ठेवलीय. चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला आपलं सामान घराबाहेर काढायचं आणि शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला. मग जायच्या दिवशी ते तिथूनच उचलायचं. फक्त एक पथ्य, प्रवास झाल्याशिवाय ते माघारी घरात आणायचं नाही, आणलं तर घरातल्या माणसाच्या जिवावर बेततं म्हणे.

तर बुधवारी सकाळी नऊ बेचाळीसला माझ्यात एकेक जोडी कपडे, सुपारी आणि मूठभर तांदूळ घालून मला वलीभाईंच्या घरी नेलं. वलीभाई गाद्या शिवतात, चार घरं सोडून राहतात, आणि त्यांची नि धर्माजींची दोस्ती लई जुनी. त्यांच्या बायकोनं, ताहेराभाभींनी, मला गाद्यांच्या थप्पीवर बसवलं आणि म्हणाल्या, "अंजनाभाभी, बेफिकीर रहा. तुमची बॅग आमच्याकडं पावणी."

दुसऱ्याच दिवशी धर्माजी वलीभाईंकडं बसलेले असताना ऋषीचा फोन आला. विमानं बंद, ट्रिप रद्द, भरलेले पैसे आता विम्याकडूनच मिळणार. मला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. पुढच्या आठवड्यात रस्ते बंद, बाजार बंद, एसटी बंद. ज्या माणसानं चौतीस वर्षांत गाडी बंद पडू दिली नाही, तो दारात उभा राहून मोकळ्या रस्त्याकडं बघायचा. मी तिथंच, गाद्यांवर. मला माघारी न्यायचं कुणी नाव काढलं नाही.

जूनमध्ये जरा मोकळीक मिळाली तेव्हा धर्माजी विम्याचा फॉर्म घेऊन वलीभाईंच्या ओट्यावर आले. एक रकाना होता, 'प्रवास सुरू केला असल्यास दिनांक व वेळ'. रिकामा ठेवायचा ना तो. पण गाडी सुटल्याची वेळ मिनिटासकट लिहिण्यात या माणसाची हयात गेलेली.

"वलीभाई, आपली बॅग किती वाजता सुटली?"

"नऊ बेचाळीस. मी घड्याळ बघितलं व्हतं ना."

आणि त्यांनी लिहिलं. अठरा मार्च, सकाळी नऊ बेचाळीस, वलीभाईंच्या घरी प्रस्थान. वलीभाईंनी साक्षीदार म्हणून खाली सही ठोकली. दोघंही खूश, खरं ते लिहिलं म्हणून. मला हात असते तर तो कागद मी तिथंच फाडला असता.

ऑगस्टच्या शेवटी कंपनीचं पत्र आलं. आपण प्रवास सुरू केल्याचं आपणच लिहून दिलं आहे, सुरू झालेल्या प्रवासाला रद्द होण्याची भरपाई मिळत नाही. काही म्हणणं असल्यास तीस दिवसांत कळवावं. धर्माजींनी ते ओट्यावर बसून तीनदा वाचलं. मग कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखे नुसते बसून राहिले.

ऋषीनं फोनवर डोक्याला हात लावला असणार. "काका, काय लिहून बसलात हे? अजून वेळ गेली न्हाई. बॅग घरी न्या, घरातला फोटो काढा, आणि चार ओळी लिहा, बॅग नुसती ठेवायला दिली व्हती, प्रवास सुरू झालाच न्हाई. पैसे मिळतील."

एवढं सोपं. पण त्याच आठवड्यात अंजनाबाईंना ताप भरला. तपासणी झाली आणि त्यांना कोविड सेंटरला नेलं. ऑक्सिजन लावला. धर्माजींना दारातूनच परत पाठवलं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगताना माझी चाकं अजून थरथरतात. धर्माजी रोज ओट्यावर येऊन बसायचे, तोंडाला रुमाल बांधून. तिथूनच बायकोला फोन करायचे. जेवलीस का, झोप लागली का, डॉक्टर काय म्हणतात. तिकडून खोकला ऐकू यायचा. एका संध्याकाळी ते आत आले, माझा दांडा धरला आणि मला उंबऱ्यापर्यंत नेलं. माझी पुढची दोन चाकं उंबऱ्याबाहेर पडली होती. तिथं ते थांबले.

"न्या की, भाऊ," वलीभाई हळूच म्हणाले. "तीस दिवस भरत आलेत."

धर्माजींनी मला उचललं आणि परत गाद्यांवर ठेवलं.   तीस दिवस भरले आणि कंपनीनं प्रकरण बंद केलं.

अंजनाबाई वाचल्या. छत्तीस दिवसांनी घरी आल्या, महिनाभरानं काठी टेकत ताहेराभाभींना भेटायला आल्या. मला बघितलं आणि विचारलं, "पैशाचं काय झालं?" धर्माजींनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

अंजनाबाई बघतच राहिल्या. "अवो, पण मी कुठं मानते हे? मी तुमच्यासाठी ठेवलं व्हतं प्रस्थान. गाडी काढताना तुमी रोज स्टिअरिंगच्या पाया पडायचा, म्हटलं यांच्या जिवाला घोर नको."

"आन् मी तुझ्यासाठी हो म्हटलं व्हतं. मी तरी कुठं मानतो?"

मी थक्क झाले. पस्तीस वर्षांचा संसार, आणि दोघंही एकमेकांचा देव सांभाळत बसलेले. त्यापायी ट्रिप गेली, पुंजी गेली, शब्द गेला.

अंजनाबाईंचा आवाज चढला. "रोज फोन करत व्हता की. जेवलीस का विचारलंत, झोपलीस का विचारलंत. एकदा हे विचारलं असतं, 'अंजना, बॅग आणू का घरी?' मी हो म्हटलं असतं. आपण विमानात बसलो असतो."

 धर्माजी म्हणाले, "म्हणूनच न्हाई विचारलं."

"म्हंजे?"

"तू हो म्हटली असतीस. मग मला बॅग आणावी लागली असती. आन् त्या रात्रीत तुला काय झालं असतं, तर मी काय केलं असतं?" त्यांनी उपरण्यानं तोंड झाकलं. "मानत न्हाई मी. पण तेवढा एक महिना मानलं."

 अंजनाबाईंच्या हातातली काठी खाली पडली, ती उचलायचंही कुणाला सुचलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी सिंगापूरचं नाव काढलेलं नाही.

या गोष्टीला आता वर्षं झाली. विमानं उडतात, ऋषीच्या ट्रिपा भरून जातात. मी अजून वलीभाईंच्या घरी आहे. रंग उडालाय, एक चाक अडकतं. ताहेराभाभी रोज पुसतात, पण वापरत नाहीत, दुसऱ्याची अमानत म्हणून. धर्माजी ओट्यावर येतात, चहा पितात, माझ्याकडं बघतात आणि जातात. मला घरी न्यायचं धाडस त्यांना अजून होत नाही, आणि पुढं न्यायला पैसे नाहीत.

धर्माजी, माझं एक ऐकाल का? अंजनाबाई बऱ्या आहेत. काल काठी न घेता आल्या होत्या, मी बघितलं. घरी नका नेऊ मला, पथ्य पाळा. पण उद्या सकाळी स्टँडवर घाटघरची गाडी लागते, तोही प्रवासच. तुम्हाला रिटायर ड्रायव्हरचा पास, अंजनाबाईंना बायकांची सवलत, दोघांना मिळून अर्धं तिकीट पडेल फार तर. अंजनाबाईंना खिडकीची जागा द्या, मला पायाशी ठेवा, आणि एकदा तरी गाडी दुसऱ्याला चालवू द्या.