एल्रॉयचे शेवटचे जव आणि मी

मित्रांनो, मी एक जुना हायड्रोमीटर आहे. नाव ऐकून दचकू नका. दुधाची डिग्री बघायला डेअरीत काचेची नळी सोडतात ना, तिचा मी चुलतभाऊ. ती दुधातलं पाणी पकडते, मी रसातली गोडी सांगतो. पोटात शिशाचे छर्रे, वर बारीक मान आणि मानेत आकड्यांची कागदी पट्टी, एवढाच माझा संसार. पण आजवर मी कधी खोटं बोललो नाही. हो, मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. तिथल्या बाईंनी मला ज्योतीवर धरून माझी मान ओढली, छर्रे भरले आणि साध्या गार पाण्यात सोडून माझी पट्टी नेमकी बसवली. तेवढं गार काही असेल तरच माझा आकडा खरा, ही माझी जन्माची अट. ती लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

तिथून मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला आलो, बुखोल्झ भावांच्या शेतावर. थोरला एल्रॉय जव पिकवायचा. धाकटा ड्वेन त्या जवांना मोड आणून, वाळवून, घरच्या घरी बिअर करायचा. बिअर हे मोठ्यांचं पेय, तुम्हाला त्याच्याशी देणंघेणं नाही. पण तिचा हिशोब मात्र तुमच्या चौथीच्या पुस्तकातला आहे.

भरडलेले जव गरम पाण्यात भिजवले की त्यातली गोडी पाण्यात उतरते. सगळी मात्र कधीच उतरत नाही. किती उतरली, हे कळायला मी लागतो. रस जितका गोड तितका दाट, आणि तितका मी वर तरंगतो नि आकडा मोठा दाखवतो. ड्वेन पौंडभर जवात छत्तीस गुण गोडी धरायचा. दहा पौंडांचे झाले तीनशे साठ. मग रस गाळून तो मला त्यात सोडायचा. मी पंचेचाळीस दाखवले आणि रस सहा गॅलन भरला, की पंचेचाळीस सक दोनशे सत्तर. तीनशे साठातले दोनशे सत्तर, म्हणजे शंभरातले पंचाहत्तर. आमच्याकडे बहुतेक वेळा एवढेच उतरायचे.

"आणि उरलेली पंचवीस कुठे गेली रे?" एल्रॉय दरवेळी विचारायचा.

"चोथ्यात. तुझ्या गाई खातात. म्हणून तर त्या तुझ्यापेक्षा गोड आहेत!"

हे सगळं चालायचं दुधाच्या खोलीत, आणि तेही फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात गवत कापायचं सोडून बिअर कोण करत बसणार? रसाचं उंच भांडं हाताला चटके द्यायचं, म्हणून ड्वेन ते दाराबाहेरच्या बर्फात खोचायचा आणि मगच मला आत सोडायचा. आपण रस थंड करतोय, हे त्याच्या कधी मनातही आलं नाही. तो आपला हात वाचवत होता. माझी अट मात्र बिनबोभाट पाळली जायची.

मग एका वसंतात एल्रॉय गेला. एकट्या ड्वेनला शेत झेपणारं नव्हतं, म्हणून त्याच्या बायकोने, अर्लीनने, ते विकलं. ताबा द्यायच्या आधी सगळ्या शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं ठरलं. एल्रॉयच्या शेवटच्या पिकाचं एकच पोतं शिल्लक होतं.

"भाऊजी, त्या दिवशी ह्यांच्याच जवांची बिअर हवी," अर्लीन म्हणाली. "दुसरी आणलीत तर मी दारातून परत पाठवीन."

आणि अशी भर जुलैत आमची भट्टी लागली. दहा पौंड जव भिजले, रस गाळला, सहा गॅलन भरला. ड्वेनने फडक्यात धरून भांडं भरलं आणि मला आत सोडलं. आई गं! रस कढत होता. गरम रस पातळ पडतो, त्याला माझा भार पेलत नाही. मी खोल खोल गेलो आणि तिसावर थांबलो. माझ्या जातीचे कितीतरी जण अशा चटक्याने तडकून गेलेत. मी टिकलो, हे माझ्या काचेचं कौतुक.

ड्वेनने बोटांवर हिशोब केला. तीस सक एकशे ऐंशी. तीनशे साठातले एकशे ऐंशी, म्हणजे निम्मेच. त्याचा चेहरा पडला.

"वहिनी, हलके निघाले जव," तो म्हणाला. "दादाने शेवटच्या वर्षी शेताकडे बघितलंच नाही वाटतं. साखर घालतो, म्हणजे भागेल."

अर्लीन ताडकन उठली. "काय म्हणालात? कंबर धरून धरून पेरणी केली त्यांनी! मी डोळ्यांनी पाहिलंय."

"अहो, मी नाही म्हणत, हा आकडा म्हणतोय!"

"मग आकड्याला सांगा, गप्प बस म्हणावं." तिने साखरेची पिशवी उचलली आणि पोटाशी धरून बाकावर बसली. "चमचाभरही घालायची नाही. पाणचट झाली तर पाणचट पिऊ. पण त्यांच्या जवांत साखर घातली, हे मी गावाला सांगणार नाही."

मित्रांनो, माझा जीव तळमळत होता. माझ्याच तोंडून एका गेलेल्या माणसाची बदनामी होत होती, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं!

ड्वेनने विस्तव विझवला. वैतागून मला भांड्यासकट दुधाचे कॅन गार करायच्या हौदात ठेवलं आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. हौदात विहिरीचं पाणी होतं, थंडगार. थोड्याच वेळात रस निवायला लागला, दाटला आणि मला वर उचलू लागला. पस्तीस. चाळीस. पंचेचाळीस ओलांडले तसा मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो.

भांडं धुवायला म्हणून ड्वेन आत आला आणि जागच्या जागी थबकला. खाली वाकून त्याने डोळे माझ्या रेषेला आणले. मी अठ्ठेचाळीसवर ताठ उभा होतो.

"वहिनी, हा वर आलाय!" त्याने हात हौदात बुडवला आणि कपाळाला लावला. "अरे देवा. बर्फ! आज बर्फच नाही!"

"उन्हाळ्यात कुठून असणार बर्फ? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नाहीच आहे! गरम रसात मोजलं मी. अठ्ठेचाळीस सक दोनशे अठ्ठ्याऐंशी..." त्याने पुन्हा बोटांवर हिशोब केला. "वहिनी, शंभरातले ऐंशी. इतके कधीच आले नव्हते. दादाने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पीक काढलं होतं, आणि मी त्याला नावं ठेवत बसलो."

अर्लीन रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता हे सगळ्यांसमोर बोलायचं. मला एकटीला सांगून चालणार नाही."

आणि तो बोलला. काही आठवड्यांनी बिअर तयार झाली, जेवणाच्या दिवशी धान्याच्या कोठारात सगळा गाव जमला होता, पहिले पेले भरले होते. एका हातात मला उंच धरून ड्वेन म्हणाला, "एल्रॉयचे जव. शंभरातले ऐंशी. आणि मी गाढवाने त्यांना हलके म्हटलं होतं." सगळे उभे राहिले. अर्लीनने पेला दोन्ही हातांनी धरला होता. त्या कोठारात मान ताठ करून उभं राहायचा मान मला मिळाला, मित्रांनो, यापेक्षा मोठं काय हवं?

आता मी ड्वेनच्या खणात कापसात असतो. माझं एवढंच मागणं आहे. मला हळू धरा, धुऊन ठेवा. आणि कुणाच्या कष्टाचा आकडा सांगायच्या आधी रस निवू द्या. तेवढ्या वेळात कुणाची बिअर नासत नाही, पण घाईत एखाद्याचं नाव नासतं.