रंगपेटीची अट

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: तुम्ही उंच स्टुलावर बसला आहात, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि समोर आई एक भलंमोठं खोकं कात्रीने उघडते आहे. शाळा सुटल्यावर खारूताई अगदी तशीच बसली होती, विद्यापीठातल्या आईच्या प्रयोगशाळेत.

खोक्यातून पाणी तपासायचं नवंकोरं यंत्र निघालं. जुनं कधीच बंद पडलं होतं, आणि त्याच्यावाचून आईचं नदीवरचं सगळं काम अडून बसलं होतं. आईचा हात त्या यंत्रावरून निघेचना.

यंत्र घेऊन आले होते नदीकाठच्या रंगाच्या कारखान्याचे मोठे साहेब. त्यांनी पिशवीतून एक रंगपेटीही काढली.

"आणि ही तुला गं, पिटुकले!"

पिटुकली म्हटलेलं खारूताईला मुळीच खपत नसे. पण पेटीत सोनेरी रंगसुद्धा होता! तिने ती पोटाशी धरली.

"आई, यंत्र म्हणजे देणगी, अनुदान की करार?"

साहेब खो खो हसले. "अरे बापरे! हे कोणी शिकवलं हिला?"

"आईनंच. देणगी देणारा देतो आणि विसरून जातो. अनुदान देणारा नंतर विचारतो, काय केलंत म्हणून. पण उत्तर काय यायला हवं ते सांगत नाही. आणि करारात काय करायचं ते देणाराच ठरवतो. कधी कधी निकालसुद्धा त्याच्याच कपाटात जातो."

"शाब्बास! मग ही देणगीच. निव्वळ देणगी." साहेब आईकडे वळले. "फक्त एवढंच मॅडम, नदीचे निकाल बाहेर देण्याआधी आम्हाला दाखवायचे. आम्ही हो म्हटलं की खुशाल छापा. आपल्या आपल्यात हो, कागदावर कशाला?"

खारूताई वाट पाहू लागली. आता आई ताडकन काहीतरी बोलणार. पण आई चष्मा पुसत होती. चष्मा तर स्वच्छच होता.

"नुसतं दाखवायचं तर..." आई पुटपुटली. मग खारूताईकडे न बघताच म्हणाली, "देणगीच आहे ती, बाळा."

खारूताईचे कान टवकारले. आई तिला बाळा कधीच म्हणत नसे. म्हणायची ती फक्त दवाखान्यात, सुई टोचायच्या आधी. 'अजिबात दुखणार नाही, बाळा.'

"चला, मिटलं!" साहेबांनी हात चोळले. "पिटुकले, आता आमच्या कारखान्याचं झकास चित्र काढ बघू. पण नदी निळीच हवी हं!"

खारूताईने खिडकीबाहेर पाहिलं. काल नदी जांभळी होती. आज विटकरी.

तिने सोनेरी रंगाकडे एकदा बघून घेतलं. मग झाकण लावलं, स्टुलावरून खाली उडी मारली आणि पेटी यंत्राच्या डोक्यावर नेऊन ठेवली.

"काका, जाताना हीपण न्या."

साहेबांचं हसू तसंच ओठांवर राहिलं. आईने चष्मा डोळ्यांवर चढवला, पण तिची नजर यंत्रावरच होती. तेव्हा खारूताई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने आईचा हात गच्च धरला, दवाखान्यात आई तिचा धरते तसा.