समोर असताना नाव कशाला?

"चार झाले! आता एकच पाहिजे, फक्त एक!"

बारापात्रे सर चपला भिरकावत घरात शिरले आणि त्यांच्यामागून मी. नागपूरच्या महाल भागातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात प्रेमिलाकाकू विळीवर वांगी चिरत बसल्या होत्या. वर न बघताच त्या म्हणाल्या, "हळू बोला ना जी. पोरीचं लग्न जमलं तवाही एवढे ओरडले नाई तुमी."

"अवं, पोरीच्या लग्नासाठी एवढी वर्षं थोडीच थांबलो होतो!"

खरंच होतं ते. सर आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते आणि निम्मी नोकरी त्यांनी एकाच हट्टात घालवली होती. एम.ए.ला 'विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाचा विकास' हा पेपर सुरू व्हावा. १९७४च्या जुलैत विद्यापीठानं एकदाचा होकार दिला, पण मेख मारून ठेवलीच. पाच विद्यार्थी मिळाले तर पेपर, नाही तर पुढं कधी तरी बघू. आणि सरकारी 'बघू' म्हणजे काय ते सरांना चांगलं ठाऊक होतं.

मग सरांनी नागपूर पालथं घातलं. पानठेल्यावर कुणी बी.ए. झालेला दिसला की पडलाच त्याच्या खांद्यावर हात. ओमप्रकाशला त्यांनी गांधीबागेतल्या त्याच्या बापाच्या कापडदुकानातून उचललं. सर शर्टाचं कापड घ्यायला गेले आणि विद्यार्थी घेऊन आले, कापड राहूनच गेलं. उत्तरा ही वकिलाची मुलगी स्वतःहून आली. नत्थूजी शाळेत मास्तर होते, त्यांना एम.ए. होऊन हेडमास्तर व्हायचं होतं. आणि चौथा मी, शालिकराम, खापरखेड्याच्या वीज केंद्रातला ऑपरेटर. मला तत्त्वज्ञान कशाला हवं होतं, ते आजही नीट सांगता येत नाही. बॉयलरसमोर उभं राहणाऱ्या माणसाला विचार फार येतात, एवढं खरं.

"उद्या शेवटची तारीख हाय," सर येरझाऱ्या घालत म्हणाले. "शालिकराम, तुह्या कॉलनीत नाई का गा कोणी?"

"सर, आमच्या इकडं कोळशाबिगर काईच नाई."

काकूंनी वांगं पाण्यात टाकलं. "माही बी.ए. चालत नाई का?"

सर थांबले. मुलगी शोभा मांडीवर होती तेव्हा काकूंनी बाहेरून बी.ए. केलं होतं, सरांच्याच आग्रहानं, आणि ते सर्टिफिकेट तेव्हापासून ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी पडलं होतं. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. पुढच्या क्षणी सर ट्रंकेत कोपरापर्यंत बुडाले होते आणि लुगडी घरभर उडत होती.

"अजी, माह्या घड्या मोडल्या ना!" काकू ओरडल्या, पण हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सरांचे तास होते म्हणून काकूंबरोबर प्रवेशाच्या खिडकीवर मी गेलो. बाबूनं विचारलं, "पतीचं नाव?" काकूंनी पदर पुढं ओढला आणि मला कोपर मारलं. "सांग ना गा."

"बाई, नवऱ्याचं नाव माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत हाय जी. घेत नाई."

सरांचं नाव महादेव. सव्वीस वर्षांच्या संसारात काकूंनी ते एकदाही उच्चारलं नव्हतं. 'शोभाचे बाबा', 'आमच्या घरचे', नाही तर नुसतं 'हे', यावर सगळा संसार चालला. बरं, नवरा महादेव म्हटल्यावर देवाचीही पंचाईत! पचमढीच्या महादेवाच्या यात्रेला निघाल्या तर म्हणायच्या, "मोठ्या देवाले जाऊन राह्यलो." बाबूला नाव मी सांगितलं आणि पेपर सुरू झाला.

त्या वर्गाचं काय सांगू! पहाटपाळी करून, डोळ्यांत कोळशाची भुकटी घेऊन मी बस गाठायचो आणि पाच नंबरच्या खोलीत पाय ठेवला की झोप पळायची. सर हजेरी घ्यायचे. "पाच?" आणि काकू डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणायच्या, "हजर." ओमप्रकाश खाली मान घालून हसायचा. मग सर डस्टर आपटायचे आणि निघायचे थेट जर्मनीला.

त्या थोर माणसांची नावं मी इथं घेत नाही, काकूंच्या घरची रीत पाळतो. तर जर्मनीत एक गणिताचा मास्तर होता, जन्मभर कुणी फारसं न विचारलेला. त्याला प्रश्न पडला, एकच वस्तू दोन तऱ्हांनी सांगितली की त्यात नवं काय कळतं? सर मूळचे नदीकाठच्या खापा गावचे. ते म्हणाले, "माझी आजी म्हणायची, आपल्या गावची नदी. नागपूरकर म्हणतो, आमच्या नळाची नदी. दोन्ही कन्हानच! पण आजी पहिल्यांदा नागपूरला आली आणि तिला सांगितलं की हे नळाचं पाणी आपल्याच नदीचं, तर ती रडली हो! नदी तीच होती. मग तिला नवं काय कळलं? सांगा!"

तास संपला तरी आम्ही व्हरांड्यात त्यावरच वाद घालायचो.

मग केंब्रिजचे दोन दोस्त आले. सगळं जग म्हणजे एक थोर विचार, असं शिकवणाऱ्या स्वतःच्याच गुरूंवर ते उलटले आणि वाक्याचा एकेक भाग सुटा करून बघायला लागले. मग व्हिएन्नाची मंडळी आली, जे पडताळून बघता येत नाही ते बोलूच नका म्हणणारी. हिटलर आला आणि ती दाही दिशांना पांगली. त्या दिवशी सरांचा आवाज असा भरून आला की जणू महालातलंच कुणी परागंदा झालं होतं. पुढं ऑक्सफर्डवाले आले. ते म्हणाले, शब्दाचा अर्थ शोधायचा तर लोक तो वापरतात कसा ते बघा. हे ऐकताना शाळामास्तर असूनही नत्थूजी विद्यार्थ्यासारखा हात वर करायचे.

डिसेंबरात नामाचं प्रकरण निघालं. सरांनी फळ्याच्या मधोमध 'शालिकराम' लिहिलं आणि भोवती लिहीत गेले: ऑपरेटर, मिशीवाला, रोज उशिरा येणारा. "जुना पक्ष म्हणतो, नाव म्हणजे या वर्णनांची मोळी. बरं." त्यांनी डस्टर उचललं. "याची नोकरी गेली." ऑपरेटर पुसलं. "मिशी काढली." तेही पुसलं. "वेळेवर यायला लागला!"

"ते होणार नाही," उत्तरा म्हणाली.

"समजा हो! आता कोण उरला? शालिकरामच उरला! चार-पाच वर्षांमागे अमेरिकेत एक पोरगेला पंडित हातात कागद न घेता उभा राहिला आणि हेच बोलला. सगळी वर्णनं खोटी पडली तरी नाव त्या माणसाला सोडत नाही!"

काकूंनी हात वर केला. घरातला माणूस परक्यासारखा हात वर करतो, याची सरांना फार मजा वाटायची. "बोला, प्रेमिलाबाई."

"मले नाई पटत. माह्या घरी सव्वीस वर्षं वर्णनावरच चालू हाय. 'हे' म्हणलं की हेच येतात, शेजारचे येत नाई. मंग नाव लागते कशाले?"

सर आनंदानं लाल झाले. "अरे, ऐकलं का! अर्धा युरोप साठ वर्षं याच बाजूनं बोलत होता!"

"युरोपाचं सोडा ना जी. माणूस समोर असताना नाव कशाला?"

सर दोन्ही हात वर करून खडूच्या धुळीत हसत म्हणाले, "याचं उत्तर आज देत नाही. गृहपाठ!"

उत्तर त्यांनी दिलंच नाही. संक्रांतीच्या आठवड्यात सायकलवरून घरी आले, छातीत दुखतं म्हणाले, आणि काकू पाण्याचा तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

प्राचार्य भला माणूस होता. त्यांनी आम्हा चौघांना बोलावून सांगितलं, परीक्षा तोंडावर आली, शिकवायला कुणी मिळत नाही, पेपर बदलून घ्या. आम्ही माना डोलावल्या. मला तर वर्गात जायचीच भीती वाटत होती.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी काकू कॉलेजात आल्या. थेट प्राचार्यांच्या खोलीत. आम्ही दारात उभे होतो.

"पेपर बदलायचा नाई," काकू म्हणाल्या. "ह्यायनं त्याच्यासाठी जीव काढला. काहून बदलायचा?"

"पण बाई, शिकवणार कोण?"

"एकच प्रकरण राह्यलं हाय. आमचं आमी पाहू. तुमी फक्त खोली द्या."

प्राचार्यांनी खोली दिली.

पाच नंबरच्या खोलीत आम्ही आपापल्या जागी बसलो. काकू मात्र फळ्यापाशी गेल्या. खडू घेतला आणि मधोमध, सर लिहायचे तिथंच, लिहिलं: महादेव.

ओमप्रकाशनं उघडलेली वही मिटली.

मग त्या भोवती लिहीत गेल्या आणि लिहिताना मोठ्यानं वाचत गेल्या. "चार चमचे साखर घेणारे. कोपऱ्यापासूनच सायकलची घंटी वाजवणारे. पाच नंबरच्या खोलीत शिकवणारे." थोडं थांबून शेवटचं लिहिलं, "आमच्या घरचे."

त्यांनी डस्टर उचललं. साखर पुसली. घंटी पुसली. पाच नंबरची खोली पुसली. 'आमच्या घरचे'वर हात अडला. उत्तरा हुंदका देत म्हणाली, "काकू, ते राहू द्या ना."

"नाई वं बाई. गृहपाठ हाय तो." आणि त्यांनी तेही पुसलं.

फळ्यावर एकटं नाव उरलं. काकू आमच्याकडे वळल्या. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर तेच तेज होतं जे कोडं सुटलं की सरांच्या चेहऱ्यावर यायचं.

"मी म्हणलं होतं, समोर असताना नाव कशाला. बरोबरच होतं माह्यं. समोर असताना लागत नाई." त्यांनी पदर सारखा केला आणि हजेरी घ्यावी तशा मोठ्यानं, स्पष्ट म्हणाल्या, "महादेव."

मी तोंड दाबून धरलं. 'हजर' हा शब्द माझ्या घशापर्यंत आला होता. ओमप्रकाश, उत्तरा, नत्थूजी, सगळ्यांचं तेच झालं असणार.

काकू आपल्या बाकावर जाऊन बसल्या. "वाचा गा नत्थूजी, पुढचं पान."

तास संपला. आम्ही व्हरांड्यात उभे होतो तेव्हा पुढच्या तासाला इतिहासाचे प्राध्यापक आत गेले. त्यांनी फळा बघितला, डस्टर उचललं, मग हळूच परत जागेवर ठेवलं. त्या दिवशी त्यांनी फळ्याकडे पाठ करून सगळा तास तोंडीच शिकवला.